कुसुमाक्काचा नियम

कुसुमाक्काला मी पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा तिच्या पायांवर डोकं ठेवलं. या गोष्टीची मला आजही लाज वाटते, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

निपाणीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकानाच्या भिंतीला भिंत लागून बाळण्णांचं घर. बाळण्णा जैन, तंबाखूचे व्यापारी, गल्लीत कुणाच्या अडीअडचणीला पहिल्यांदा धावणारा माणूस. कुसुमाक्का त्यांची धाकटी बहीण. लग्न झालं आणि वर्षाच्या आत सासरच्यांनी 'ही बाई न्हाय, भिंत हाय' म्हणून परत आणून सोडली. तेव्हापासून ती भावाकडंच. मी दुकान टाकलं तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. सकाळी बस्तीत जायची (आमच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात), तिथनं आली की घराच्या पायरीवर बसायची. बसायची म्हणजे कशी! पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे उघडे आणि पापणी लवत नाही. गालावर माशी बसली तरी हात हलत नसे. अर्धा तास, कधी तासभर.

गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या, "आक्का सामायिकात बसल्यात. गप रावा गं." सामायिक म्हणजे ठरल्या वेळेपुरतं सगळं सोडून समभावात बसायचं. भल्याभल्यांना ते जमत नाही, पाय तरी दुखतो नाहीतर दूध उतू जाईल म्हणून जीव तरी वर-खाली होतो. आक्काला मात्र दिवसातनं दोनदा-तीनदा आपोआप जमायचं. लोक पाया पडायचे. मी जैन नाही, उचगावच्या शेतकऱ्याची पोर. पण देव कुणाचा का असेना, फुकट आशीर्वाद मिळत असताना सोडायची माझी जात नव्हे. पोरीची दहावी होती. मी गेले आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला माप घेता घेता सांगत सुटले, आमच्या शेजारी देवमाणूस राहतं म्हणून. माझं तोंड म्हणजे बोलू नये.

त्या बसण्यातनं उठली की आक्का एकच गोष्ट विचारायची, "किती वाजलं?" आम्हाला वाटायचं, सामायिकाचा वेळ भरला का बघत असेल. वेळ विचारायची, सांगितलेला ऐकायची, आणि तिचा चेहरा पडायचा. चेहरा पडतो हे मी रोज बघत होते. का पडतो, हे विचारायची बुद्धी मला चार वर्षं झाली नाही.

मग ती माझ्याकडं हातशिलाईला यायला लागली. वैनींनीच, म्हणजे बाळण्णांच्या बायकोनं, पाठवलं. "बसून बसून अंग आकसलंय, काहीतरी हाताला काम दे बाई." आक्काचा हात सुरेख होता. ब्लाउजची पट्टी अशी दुमडायची की टाका शोधून सापडू नये. बोलायची कमी. पण बोलली की नेमकं बोलायची. एका गिऱ्हाईक बाईनं आधीच घट्ट असलेला ब्लाउज आणखी आवळायला सांगितला तेव्हा आक्का मान वर न करता म्हणाली, "जीव घ्यायचा असला तर सरळ गळा दाब की गं, शिलाई कशाला खर्च करतीस?" ती बाई परत आली नाही, पण मी आठवडाभर हसत होते.

आणि एके दुपारी ती सुईची गोष्ट झाली. मी मशीनवर होते. आक्का समोर चटईवर बसून एका मोतिया रंगाच्या रेशमी ब्लाउजची खालची कड घालत होती. मी सहज बघितलं तर कापडावर लाल ठिपके. सुई तिच्या डाव्या बोटाच्या कातडीतनं आरपार जात होती, कापडातनं निघत होती, परत कातडीत. तीन टाके घातले होते तिनं. बोट कापडाला शिवलेलं. चेहऱ्यावर काही नाही. तोच पायरीवरचा चेहरा, तेच सामायिक.

"आक्का! अगं काय करतीस!" मी ओरडले. तोवर मी तिला तुम्ही म्हणत होते. त्या ओरडण्यात ते गेलं ते गेलंच. पुढं कायम 'तू'.

तिला माझा आवाज ऐकूच गेला नाही. मी खांदे धरले, गदागदा हलवले. (तसं करू नये हे नंतर कळलं.) तेव्हा कुठं तिचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. बोटाकडं बघायच्या आधी तिनं विचारलं, "किती वाजलं?"

"सव्वातीन."

"मघाशी दोन वाजलं होतं," ती म्हणाली. "मास्तरीण, मी कुठं गेलतो?"

आमच्याकडं शिवणाऱ्या बाईला मास्तरीण म्हणतात, आणि बायकाही आलो-गेलोच म्हणतात. पण 'कुठं गेलतो' असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं. मी कात्रीनं टाके कापले. मग तिनं सांगितलं. ते पायरीवरचं बसणं सामायिक नव्हे. तिथं ती नसतेच. अंग तेवढं बसलेलं असतं. कुठं जाते तिलाही ठाऊक नाही. दिवा गेल्यासारखं होतं आणि आला की मधला तुकडा गायब. "लोक पाया पडत्यात तवा मला वाटतं, सांगावं. पर काय सांगू? मी घरात न्हाय, फुडच्या दाराला या?"

मी तिथंच कपाळावर हात मारून घेतला. माझ्या पोरीच्या मार्कांसाठी मी एका हरवलेल्या बाईच्या पायावर डोकं ठेवलं होतं, आणि गल्लीभर तिची जाहिरात केली होती.

बोट सुजलं. त्या निमित्तानं मी तिला बेळगावच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. वैनींना फक्त बोटाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधता बांधता दोन-चार प्रश्न विचारले आणि वरच्या मजल्यावर मनाच्या विभागात पाठवलं. तिथं एक मॅडम होत्या, धारवाडकडच्या, मराठी बोलायच्या पण कानडीच्या चालीवर. त्यांनी आक्काला घाई केली नाही. चौथ्या की पाचव्या खेपेला त्या म्हणाल्या, "आक्का, ह्यात देवाचं काही नाही. वेडाचं पण काही नाही. लहानपणी जिथनं पळून जाता येत नव्हतं, तिथनं तुमचं मन पळून जायला शिकलं. त्यानं तुम्हाला वाचवलं बघा. आता फक्त त्याला परत यायची वाट शिकवायची."

आक्का म्हणाली, "म्हंजे मी दगड न्हाय."

"अजिबात नाही."

बस थेट निपाणीला येईस्तोवर ती खिडकीतनं बाहेर बघत होती. मध्येच मला म्हणाली, "वाचवलं म्हणाल्या गं त्या."

लहानपणी काय झालं, ते मला सगळं ठाऊक नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहिणारही नाही, ते तिचं आहे. इतकंच सांगते, की वडील गेल्यावर ती आणि तिची आई चिकोडीकडच्या एका खेड्यात थोरल्या चुलत्याकडं, आप्पांकडं, राहिल्या. बाळण्णा तेव्हा सांगलीला वसतिगृहात शिकत होते; आप्पांनीच त्यांना शिकवलं, आप्पांनीच धंद्याला लावलं. शेतावर तंबाखूची कोठी होती. नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत आक्काच्या आयुष्यात ती कोठी होती, आणि कोठीची किल्ली आप्पांकडं होती. आईला ठाऊक होतं का, हे मी एकदा विचारलं. आक्का म्हणाली, "आई त्या वेळंला भाकरी थापायची. लई जोरात थापायची."

आणि ही बाई राहत होती कुठं, तर निपाणीत! सुगीच्या दिवसांत आमच्या गावची हवाच तंबाखूची. बाहेरची माणसं नाक धरतात, आम्हाला वासही येत नाही. तिला येत होता.

मॅडमनी तिला गोष्टी शिकवल्या. पाय जमिनीवर दाबायचे. समोर दिसतंय त्याची नावं घ्यायची. गार पाणी तोंडावर मारायचं. श्वास हळू सोडायचा. हे शेवटचं पहिल्याच दिवशी फसलं. "श्वासाकडं ध्यान दिलं की नाकात कोठी येती," आक्का म्हणाली. मॅडमनी ते लगेच सोडून दिलं. मग चव धरली. मिरी चावली की आक्का झटक्यात भानावर यायची. तेव्हापासून पदराच्या टोकाला चार मिरी बांधलेली असायची, आणि दुकानात बसल्या बसल्या तोंडातल्या तोंडात तिचं चाललेलं असायचं, "मशीन. कात्री. हिरवा दोरा. मास्तरणीची चप्पल, एक उलटी." मी ती चप्पल सुलटी केली की म्हणायची, "राहू दे की, माझी खूण हाय ती."

पण हे सगळं तिला परकं वाटायचं. एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "मॅडमचं निम्मं डोक्यावरनं जातं. मला नियम कळतो."

जैनांच्या घरात नियम घेणं ही रोजची गोष्ट. अमुक वस्तू महिनाभर सोडली, सूर्य मावळल्यावर खायचं नाही, आज एवढ्याच भाज्या. वेळ ठरवायची, शब्द द्यायचा आणि पाळायचा. आक्कानं नियम घेतला: हा दोरा संपेस्तोवर मी हितं राहणार. सुईत हातभर दोरा ओवायची, ओठांनी काहीतरी पुटपुटायची आणि शिवायला लागायची. पहिल्या दिवशी अर्ध्या दोऱ्याला गेली. आठवड्यानं एक अख्खा दोरा राहिली. त्या दिवशी तिनं मला दोऱ्याचं उरलेलं बोटभर टोक दाखवलं. मी कापड फेकून तिला मिठी मारणार होते, पण मागनं कुणी अंगाला हात लावलेला तिला चालत नाही हे आठवलं आणि मी नुसतीच दात काढत उभी राहिले.

मला वाटलं, झालं, आता बाई सुधारत चालली. मी मूर्ख! दोन महिन्यांत आक्का वाळायला लागली. हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकायच्या. आणि जाण्याचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. एकदा तर गिऱ्हाइकासमोर बसल्या जागी आडवी झाली. मी तिला धरून बेळगावला नेलं. मॅडमनी विचारलं, जेवण कसं आहे? आक्का हळूच म्हणाली, "नियम मोडला की प्रायश्चित्त नको का? दोरा संपायच्या आत गेलो, की त्या दिवशी उपास."

दिवसातनं तीनदा गेली तर तीन उपास साचायचे. हे असलं गणित आमच्याच मुलखातली बाई करू जाणे! पोटात अन्न नाही म्हणून चक्कर, चक्कर आली की जाणं, गेली की पुन्हा उपास. मला रडू आणि राग एकदमच आले. "तुझ्या त्या उपासाच्या..." म्हणून मी सुरू केलं तर मॅडमनी मला हातानं थांबवलं.

"आक्का, हा नियम वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "हा मोडणारच. मोडला तर शिक्षा नाही. मोडला तर पुन्हा घ्यायचा, एवढंच."

"शिक्षा न्हाय?"

"नाही."

"मग त्याला नियम कशाला म्हणायचं?" आक्का खरोखरच गोंधळली होती. पन्नाशीतली बाई, आणि शिक्षेशिवाय काही चुकता येतं हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते पटायला तिला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत मी रोज दुपारी माझ्या डब्यातली भाकरी तिच्यासमोर ठेवायची, तिच्यासाठी मुद्दाम कांदा-लसूण नसलेली भाजी करून आणायची, आणि ती खाईपर्यंत मशीनला हात लावायची नाही. गिऱ्हाइकं बोंबलायची. बोंबलू देत.

एवढं सगळं कशासाठी चाललंय, हे मला पावसाळा सरता सरता कळलं. भाद्रपदात त्यांचं दहा दिवसांचं पर्व असतं आणि ते संपलं की क्षमावाणी. त्या दिवशी सगळे एकमेकांना हात जोडतात, वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर माफ करा म्हणतात. समोरचाही हात जोडून म्हणतो, "उत्तम क्षमा." चांगली चाल आहे. मी त्यांच्यात नसूनही दरवर्षी बाळण्णा माझ्यापुढं हात जोडायचे आणि मला उगाच शरमल्यासारखं व्हायचं.

"त्या दिवशी आप्पा येतो," आक्का म्हणाली. तिनं सुई खाली ठेवली होती. "बाळण्णा गाडी पाठवतो. सगळ्यांच्या आधी माझ्या म्होरं येतो, मी देवमाणूस न्हाय का! हात जोडून माफी मागतो. आणि मी देतो."

"देतीस?"

"मी नसतोच गं! त्याची काठी दारात वाजली की मी गेलेलो असतो. मागनं वैनी सांगत्यात, किती छान हात जोडलंस म्हणून. तीस वर्सं झाली. दरसाल माझ्या तोंडानं त्याला माफी मिळती, आणि मला ठाऊक नसतं." ती माझ्याकडं बघत होती, आणि ती पूर्णपणे तिथं होती, डोळ्यांच्या तळापर्यंत. "मला यंदा तिथं असायचंय, मास्तरीण. तो म्होरं असताना. दुसरं काय नको."

मी म्हटलं, मी त्याचे पाय मोडते, पोलिसात जाऊ, बाळण्णांना सांगू. ती म्हणाली, बाळण्णाला सांगायला तीनदा गेलो, तिन्ही वेळा तोंड उघडायच्या आत दिवा गेला. मॅडमनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "यंदाच पाहिजे असं नाही. त्यांच्यासमोर न जाणं हासुद्धा तुमचाच निर्णय असू शकतो." आक्का म्हणाली, "मी न्हाय गेलो तर अंग जातंय मॅडम. वैनी हात धरून पायरीवर बसवत्यात." त्यावर मॅडम म्हणाल्या, मग सराव करा, आणि नाही जमलं तर तेही चालेल.

सराव म्हणजे काय, तर मी आप्पा व्हायचं. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, मी मापाची लाकडी पट्टी काठीसारखी वाजवत यायचं, तिच्यापुढं उभं राहून हात जोडायचे. पहिल्या दिवशी पट्टी दोनदा वाजली आणि आक्का गेली. दुसऱ्या दिवशीही. मला तो माणूस व्हायची किळस यायची. घरी गेले की मी हात साबणानं धुवायची, आमचे हे विचारायचे, "कुणाच्या मैताला गेलतीस?" अकराव्या का बाराव्या दिवशी आक्का मिरी चावत, दगडासारखे पाय जमिनीत रोवून माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या मिशा न्हाईत गं, म्हणून जमतंय." आम्ही दोघी इतक्या हसलो की शटरच्या बाहेर कुत्रं भुंकायला लागलं.

क्षमावाणीच्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. बाळण्णांच्या अंगणात गल्ली जमली होती. आक्का पायरीवर बसली होती, नव्या इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, वैनींनीच नेसवलेली. मी कुंपणाच्या भिंतीशी उभी राहिले, तिला दिसेन अशी. गाडी आली. आप्पा उतरले. मी त्यांना पहिल्यांदाच नीट पाहिलं. मला वाटलं होतं कुणी राक्षस असेल. ऐंशीच्या पुढचा, वाकलेला, स्वच्छ धोतरातला म्हातारा होता, चेहऱ्यावर मायाळू हसू. लोक बाजूला सरकून वाट देत होते. याचंच मला जास्त भय वाटलं.

काठी वाजली. आक्काचे डोळे रिकामे व्हायला लागले. मी ओळखलं, ही चालली. मग तिचा जबडा हलला, मिरी फुटली असणार, आणि ती मोठ्यानं बोलायला लागली, "भिंत. पायरी. काठी. मास्तरीण. आप्पाचं धोतर." बायकांना वाटलं, मंत्र म्हणतेय. दोघींनी हात जोडले.

आप्पांनी हात जोडले. "पोरी, वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असंल, तर उत्तम क्षमा."

"न्हाय," आक्का म्हणाली.

कुणाला कळलंच नाही. बाळण्णा पुढं झुकून म्हणाले, "कुसुम, हात जोड."

"न्हाय, बाळण्णा. आजवर हे हात जोडलं तवा मी हितं न्हवतो. आज हाय. आप्पा, वर्षभराचं न्हाय. त्या कोठीतलं. तुला ठाऊक हाय. त्याची क्षमा मी देत न्हाय."

म्हाताऱ्याचं हसू तसंच राहिलं. एवढंच झालं, की त्याची काठी दोन बोटं मागं सरकली. मग तो सगळ्यांकडं वळून हळहळत म्हणाला, "पोरीची तब्येत बरी दिसत न्हाय." आणि आशीर्वाद दिल्यासारखा तिच्या डोक्याकडं हात नेला. आक्का पायरीवरनं ओरडली, "हात लावायचा न्हाय!" इतक्या मोठ्यानं, की गल्लीच्या तोंडाला असलेला सायकलवाला थांबला.

पुढं जे झालं ते मी विसरू शकत नाही. आप्पा पुढच्या माणसाकडं गेले आणि हात जोडले. त्यानं हात जोडले. मग त्याच्या पुढच्यानं. अख्ख्या अंगणानं त्याला रांगेनं क्षमा केली. वैनी डोळे पुसत बायकांना सांगत होत्या, "एवढं ध्यान डोक्याला सोसलं न्हाय बघा, फिरलं." ज्या बायका इतकी वर्षं तिच्या पाया पडत होत्या त्या पोरांना ओढून लांब घेत होत्या. ती अंगात नव्हती तेव्हा देव होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर आली, तर वेडी ठरली. बाळण्णा तेवढे खांबाला टेकून उभे होते आणि आप्पांकडं बघत होते. त्यांनी काय ओळखलं मला माहीत नाही. विचारायला ते कधी दुकानात आले नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्यांनी माझ्यापुढं हात जोडले नाहीत.

मी आक्काला दुकानात घेऊन आले. मला वाटलं होतं, जिंकली, आता हलकी होईल. कसलं हलकं! तिला हुडहुडी भरली, उलट्या झाल्या, पोट धरून ती जमिनीवर पडली. "लई दुखतंय गं, मास्तरीण," ती म्हणत होती. "कुठं?" "सगळीकडं. तवाचं सगळं आत्ता दुखतंय." नऊ वर्षांच्या पोरीचं दुखणं पंचावन्न वर्षांच्या अंगात आलं होतं. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, शेजारी बसा, हात लावू नका, वेळ सांगत राहा. मी बसले आणि दर पाच मिनिटांनी सांगत राहिले, चार वाजले आक्का, चार पाच, चार दहा. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "व्हय."

पंधरा दिवसांत ठरलं की तिला त्या घरात राहायचं नाही. घरच्यांनाही ती नको होती. मॅडमनी बेळगावात बायकांच्या एका वसतिगृहात सोय लावली, स्वयंपाकाला मदत आणि राहायला खोली. जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "तू मला भेटायला येऊ नको. तू दिसलीस की निपाणी दिसती. राग मानू नको."

मला राग आला. खूप आला. इतके महिने भाकरी कुणी चारली? मग मी तो गिळला, कारण ती मला असं तोंडावर सांगू शकत होती, आणि हेच तर आम्ही दोघी शिकत होतो. मी आजवर गेलेली नाही. मॅडम कधी भेटल्या तर सांगतात, आहेत, चाललंय, काही दिवस वाईट जातात.

स्टँडवर सोडायला मी एकटीच होते. घरातनं कुणी आलं नाही. एक पिशवी, एक गाठोडं. मी कंडक्टरला सांगायला लागले, यांना बेळगावात नीट उतरवा म्हणून, तर ती डाफरली, "मी काय पार्सल हाय? माझी मी उतरीन." खिडकीशी बसली. बस हलली आणि तिचा चेहरा एकदम चुरगळला. आक्का रडायला लागली, लहान पोरासारखी, तोंड उघडं टाकून, मोठ्यानं. शेजारची बाई दचकून सरकली, पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. मी घाबरून बसबरोबर पळत सुटले, "थांबव गाडी, ए, थांबव" म्हणून ओरडत. आक्कानं रडता रडताच खिडकीतनं हात बाहेर काढला आणि मला झिडकारल्यासारखा हलवला, सोड, जाऊ दे. मी थांबले. बस कोपऱ्यावरनं हायवेला वळेपर्यंत मला तिचं रडणं दिसत होतं. म्हणजे तिथपर्यंत तरी ती त्या बसमध्ये होती.